झिख्रोनची कोरडवाहू कॅरिन्यान

तेल अवीवहून ट्रेनने तासाभरात बिन्यामिना, तिथून टॅक्सीने झिख्रोन याकोव्ह. १८८२ साली रुमानियातून आलेल्या ज्यूंनी हे गाव वसवलं. दगडाळ जमिनीपुढे ते टेकीला आले तेव्हा बॅरन एडमंड दि रोथशील्डने पैसा ओतला आणि फ्रेंच द्राक्षं लावून घेतली. आम्ही गेलो ती मात्र गावाबाहेरची एक लहान वायनरी. सोबत लोद शहरातल्या मावशी, मूळच्या अलिबागच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू.

नव्या चार वाईन चाखल्या. फ्रेंच कोलंबार ही पांढरी वाईन लिंबासारखी तरतरीत. रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, ठीक. काबर्ने या रेड वाईनमध्ये ओकच्या लाकडी पिंपाचा वास एवढा की द्राक्ष शोधावं लागलं. मग कॅरिन्यान आली, याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाईन. या वेली आपल्या नाशिकसारख्या मांडवावर किंवा तारांवर चढवलेल्या नाहीत. गुडघाभर झुडपं, जुनी, पूर्ण कोरडवाहू. हे द्राक्ष इथे वर्षानुवर्षं स्वस्त, गोड वाईनसाठी पिकवलं गेलं. पण जुन्या वेलीला घोस कमी लागतात आणि रस दाट उतरतो. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला तर कडेला जांभळी झाक. चवीला आंबटसर चेरी, शेवटी वाळलेल्या रानपाल्याचा किंचित कडूपणा. इस्रायलमध्ये जाऊन काबर्नेच घ्यायची, हे मला पटत नाही. कॅरिन्यान घ्या. कुठे अरगमान दिसली तर तीही चाखा. कॅरिन्यान आणि पोर्तुगालच्या सूझावचा हा इथेच केलेला संकर, रंग नावाप्रमाणेच गडद किरमिजी.

जाणार असाल तर आधी फोन करून वेळ ठरवा. शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसामुळे, शुक्रवार दुपारपासून शनिवारी रात्रीपर्यंत ट्रेन बंद असतात. कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे नियम पाळणाऱ्या, वायनरीत पिंपाला, नळाला हात लावू नका. मी सवयीने लावायला गेलो, तर तिथल्या मुलाने नम्रपणे अडवलं: वाईन ‘मेवुशाल’, म्हणजे तापवलेली, नसेल तर ती शब्बाथ पाळणाऱ्या ज्यूंनीच हाताळायची असते. कुणा धार्मिक घरी बाटली नेलीत तर उघडायचं आणि ओतायचं काम यजमानांवर सोडा. भारतात येताना मोठ्या माणसाला दोन लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही. म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या, त्याही चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून.

शुक्रवारी संध्याकाळी किद्दूशसाठी, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीला वाईनवर म्हणायच्या प्रार्थनेसाठी, मावशींनी स्वतःच बूच काढलं. “आमच्या आजीकडे किद्दूशला वाईन कुठली रे बाळा,” त्या म्हणाल्या, “काळ्या मनुका भिजत घालायची, हाताने कुस्करायची आणि फडक्यातून गाळायची. तेच शरबत.” मग चांदीच्या पेल्यात काठोकाठ कॅरिन्यान ओतली.