नीलवंताचा एक स्वच्छ फोटो: माझा अनुभव

रत्नागिरीला आमच्या परसात रुईवर वाढणारी केशरी फुलपाखरं भरपूर. झेंडूवर बसली की निवांत रस पितात, साध्या मोबाइलवरही फोटो सुरेख येतो. त्यांच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

नीलवंताने मात्र सगळा आश्विन माझा जीव खाल्ला. २०१५ साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखरू केलं, तो रोज आमच्या पेंडगुळीवर येतो आणि आपल्याकडे त्याचा एक धड फोटो नाही, याचा मला खरोखर संताप यायचा. बारा-पंधरा सेंटिमीटर पंखांचा विस्तार, म्हणजे दिसायला काहीच अडचण नाही. अडचण अशी की तो स्वस्थ बसत नाही. पाय फुलाला जेमतेम टेकलेले, सोंड फुलाच्या नळीत आणि पुढच्या पंखांची फडफड अखंड चालू. फोटोत मागच्या निळ्या पंखांवरचे काळे ठिपके मोजून घ्यावेत इतके स्पष्ट, आणि पुढचे पंख म्हणजे नुसता काळा धूर!

ऑटोवर हे जमणारच नाही. माडाच्या सावलीत फोन आपणहून शटर मंद करतो, म्हणजे ते जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि हलणारे पंख पुसट येतात. प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग आपल्याला ठरवता येतं) जाऊन शटर १/२००० सेकंद ठेवा. १/५०० वर केशरीचं भागतं, याचं नाही. पण मग फोटो काळोखा येतो, आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) चढवला की फोटोत दाणे दिसतात. म्हणून ऊन हवंच. आमच्या पेंडगुळीवर ते सकाळी नऊच्या सुमारास झावळ्यांमधून तिरपं येतं, तेवढाच वेळ कामाचा. दुपारच्या उन्हात निळा रंग पांढुरका पडतो.

त्याच्या मागे धावूही नका. तो एकाच झाडावर गुच्छामागून गुच्छ घेत जातो. पुढच्या गुच्छावर फोकस लॉक करायचा, आपली सावली फुलावर पडत नाही ना ते बघायचं आणि थांबायचं. आला की बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ भराभर फोटो. पंख वर जाऊन खाली वळताना क्षणभर थबकतात, तो क्षण एखाद्या फ्रेममध्ये सापडतो. मला सापडला: चारही पंख स्वच्छ, सोंड नळीत शिरलेली, आणि पंखाखाली मुळाशी असलेला लाल डागसुद्धा. इतका आनंद झाला की तो फोटो वाडीतल्या प्रत्येकाला दाखवून आलो.

पावसाळ्यानंतरही आपल्याकडची हवा दमट, तेव्हा लेन्स आधी पुसून घ्या.

आणि हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: लिंबावर औषध मारू नका. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी नीलवंताची असू शकते. आई आधी फवारणीच्या मागे होती. आता तिने दोन फांद्या अळ्यांना सोडल्यात, आणि लोणच्यापुरती लिंबं तरीही मिळतात.