लाल ठिपका

लेकीने माझ्या शिव्या मोजल्या. आनंदनगर ते अलका चौक, शनिवारची सकाळ, स्कूटरवर मागे ती. क्लासच्या दारात उतरली, हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाबा, अकरा. त्यातल्या दोन तर नो-एन्ट्रीतून आलेल्या आजोबांना." जाता जाता वळून आणखी एक ठेवून दिलं, "तुला ऐकू तरी येतं का, तू काय बोलतोस ते?"

खरं सांगायचं तर येत नव्हतं. मला तीन आठवत होत्या, फार तर चार. बाकीच्या तोंडातून परस्पर निघून गेल्या होत्या, मला न विचारता. शास्त्री रस्त्यावर चहा पीत उभ्या असलेल्या एमपीएससीच्या पोरांकडे बघत मी मिनिटभर स्कूटर तशीच चालू ठेवून उभा राहिलो. वय एकोणपन्नास, नोकरी हिशेबाची, बीपीची गोळी रोज एक. लहानपणी आई दिवसातून दहा वेळा म्हणायची, "भानावर ये रे." हल्ली त्यालाच माइंडफुलनेस म्हणतात आणि ऑफिसात त्याची सेशन्स होतात. आमच्याकडेही झालं होतं. एकेक मनुका हातात देतात. ती बघायची, बोटांनी चाचपायची, वास घ्यायचा, मग सावकाश चावायची. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जो आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्यातला हा व्यायाम. सूचना संपायच्या आत मी मनुका खाऊन टाकली होती. दुसरी मागायची लाज वाटली, म्हणून डोळे मिटून नुसताच बसून राहिलो.

तर लेकीच्या त्या अकरा शिव्यांनंतर मी एकदम टोकाचंच ठरवलं. फेब्रुवारीत रजा टाकली आणि आळंदीजवळच्या मरकळच्या केंद्रात विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन बसलो. फोन पहिल्याच दिवशी जमा. वाचायचं नाही, लिहायचं नाही, बोलायचं नाही, खाणाखुणाही नाहीत. पहाटे चारला घंटा, साडेचारपासून ध्यान, अकराला जेवण आणि संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा-फळं. त्यापुढे रात्रभर काही नाही. फी नाही, शिबिर पूर्ण केल्यावर वाटलं तर दान द्यायचं. पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर जी इवलीशी जागा आहे तिथे येणारा-जाणारा श्वास बघायचा. घ्यायचा नाही, सोडायचा नाही, बघायचा. तीन दिवस! मी त्या तीन दिवसांत मनातल्या मनात दोन वर्षांचं ऑडिट पूर्ण केलं, मेहुण्याशी झालेलं जुनं भांडण पुन्हा भांडलो आणि जिंकलो.

चौथ्या दिवसापासून तासभर न हलता बसायची अधिष्ठानाची बैठक, दिवसातून तीनदा. उजव्या गुडघ्याने मला जे शिकवलं ते त्याचं त्याला आणि मला ठाऊक. दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचं. मी सगळ्यांचं चिंतलं, मेहुण्याचंसुद्धा. त्याच दिवशी मौन सुटलं आणि शेजारच्या खोलीतल्या, दहा दिवस ज्याच्या घोरण्यावर मी दात खाऊन होतो, त्या गृहस्थाला कडकडून भेटलो.

अकराव्या दिवशी सकाळी निघालो. दांडेकर पुलाच्या सिग्नलला एका रिक्षाने उजवीकडून डावीकडे आडवी घातली. दहा दिवसांचं मौन, आणि तोंडातून काय निघालं ते इथे लिहीत नाही. रिक्षावाला गालातल्या गालात हसला, हेच जास्त लागलं.

शिबिराला मी दोष देत नाही. पुढे रोज सकाळ-संध्याकाळ तासभर बसा असं तिथे स्पष्ट सांगतात. मी पाच दिवस बसलो, मग मार्च महिना लागला. हिशेबातल्या माणसाला मार्च म्हणजे काय ते सांगायला नको.

पाडव्याला मात्र परत सुरुवात केली, या वेळी लहान. गुडघ्याला परवडेल अशी. रोज जिथे माझा तोल जातो तिथेच बसायचं ठरवलं, म्हणजे सिग्नलला. नियम एवढाच: लाल दिवा लागला की दोन्ही पाय जमिनीवर, आणि आकडे शून्यावर येईपर्यंत नाकाखालची ती जागा. डोळे अर्थातच उघडे. श्वास जसा आहे तसा बघा, असं मरकळला शिकवलं होतं. इथे तो समोरच्या टेम्पोच्या धुरासकट असायचा. पहिल्या आठवड्यात एकदा इतका रमलो की दिवा हिरवा झालेला कळलाच नाही. मागून एक पोरगा ओरडला, "काका, झोपा घरी जाऊन!" शिवी खाणाऱ्याच्या बाजूने जग कसं दिसतं, ते बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

दोन-तीन आठवड्यांनी एक मजेशीर गोष्ट सापडली. शिवी तोंडात येण्याच्या जरा आधी माझा डावा जबडा आवळला जातो. उजवा नाही, डावाच. तिथून शिवी बाहेर पडेपर्यंत अर्धा श्वास जातो. तेवढी फट. त्या फटीत दर वेळी काही करता येतं असं नाही, पण जबडा आवळला हे कळलं तर पाचातल्या दोन शिव्या तिथेच विरतात. उरलेल्या तीन येतात. मी काही संत झालो नाही, पुणेकरच आहे.

कालनिर्णयवर रोज फुली मारत होतो. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, एकवीस दिवस कर, सवय लागते. एकविसाव्या दिवशी मी राजाराम पुलापाशी एका बाईंवर खेकसलो, म्हणून जरा शोधाशोध केली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता. एखादी रोजची कृती न ठरवता, आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच निघालं. मला या आकड्यांनी फार धीर आला. राजाराम पुलाच्या दिवशी मी फुलीऐवजी शून्य काढलं आणि पुढे मोजत राहिलो.

जेवताना पहिले पाच घास फोन न बघता, हेही मध्येच सुरू केलं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आमटीत गोडा मसाला बायकोने घातलाय की आईने, ते ओळखू यायला लागलं, एवढंच.

खरी पंचाईत दयाळूपणाची. सजगतेला निदान श्वास असतो, धरायला काहीतरी असतं. चांगलं वागायचं म्हणजे नेमकं करायचं काय? मी सुरुवात केली ती आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशींपासून. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. महापालिकेशी २००८ साली करार झाला, तेव्हापासून ती पुण्यात दारोदारचा कचरा गोळा करते. मावशी त्यातल्याच. त्यांना पालिकेचा पगार नसतो; घराघरातून मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून येतील ते पैसे, यावर घर चालतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की आपण चांगलं वागायचं आहे. म्हणून बायकोच्या चार जुन्या साड्या इस्त्री करून, पिशवीत घालून, सकाळी हसतमुखाने दारात उभा राहिलो.

मावशींनी पिशवीत डोकावून पाहिलं. "साड्या राहू द्या दादा," त्या म्हणाल्या. "काच तेवढी गुंडाळून देत जा."

आणि उजवा हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळापासून तळव्यावर एक तिरकी रेघ, वर हळद दाबलेली, कडा काळ्या पडलेल्या. चार दिवसांपूर्वीची.

काचेचा पेला चार दिवसांपूर्वी माझ्याच हातून फुटला होता. केरसुणीने लोटला, सुपलीत घेतला, सुक्या कचऱ्याच्या डब्यात ओतला. दुसऱ्या हातात फोन होता. मिटिंगची वेळ आठला की साडेआठला, यावर बोलणं चालू होतं. भंगार वेगळं करायचं तर त्या डब्यात हात घालावाच लागतो, प्लास्टिक एकीकडे, पुठ्ठा एकीकडे. हाताशिवाय ते होत नाही. मी रोज सिग्नलला स्वतःचा श्वास बघत होतो, आणि डब्यात काय टाकतो ते बघत नव्हतो.

मी "सॉरी" म्हणालो. पुण्यात सॉरीला काही वजन नसतं, गाडी घासली तरी म्हणतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का विचारलं. नव्हतं घेतलं. संध्याकाळी आमच्या डॉक्टरांकडे या म्हटलं. त्या आल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी मीच स्कूटरवर घेऊन गेलो. इंजेक्शन झाल्यावर म्हणाल्या, "आता माझ्या चार बिल्डिंगींचा कचरा कोण काढणार? साडेनऊ वाजले." माझ्या चांगुलपणाचा हिशेब असा दर वेळी दुसऱ्याच खात्यावर पडत होता.

त्यानंतर मी नवीन काही द्यायच्या भानगडीत पडलो नाही. काच फुटली की वर्तमानपत्रात गुंडाळायची, वर 'काच' लिहायचं. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवायच्या. ओला-सुका वेगळा आम्ही आधीही करत होतो, असा आमचा समज होता. नीट बघितलं तर चहाचा चोथा टी-बॅगच्या खोक्यासकट जात होता. याला दया म्हणायचं की साधी शिस्त, मला ठरवता आलं नाही. मावशींना त्याने फरक पडत नव्हता.

जुलैत आई बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ती घरी आली तेव्हा अंथरुणावर. मोठ्या माणसांचे डायपर सुरू झाले. घनकचरा नियमांत असा कचरा गुंडाळून वेगळा द्यावा असं आहे, आणि पुण्यात त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत कचरावेचकांनीच रुजवली आहे, म्हणजे पुडकं न उघडता आत काय आहे ते कळावं. ते काम मी माझ्याकडे घेतलं. रोज सकाळी सहा वाजता गॅलरीत बसायचं. कालच्या पेपरची दोन पानं आडवी-उभी. घडी, परत घडी, दोरा. लेकीच्या कंपासपेटीतल्या लाल स्केचपेनने वर रुपयाएवढा ठिपका, पूर्ण भरलेला, कारण अर्धवट ठिपका ओल्या पेपरवर पसरतो. मिनिट-दीड मिनिटाचं काम. खरं सांगू, मरकळला दहा दिवसांत जे जमलं नाही ते पहिले काही आठवडे त्या गॅलरीत जमलं. वास होता, ओलावा होता, आईचा संकोच होता, ती भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "तू नको रे करूस." मी तिथे पूर्ण असायचो. डावा जबडा सैल.

सप्टेंबरच्या शेवटी कालनिर्णयवर या गुंडाळण्याची ६६ वी फुली पडली. मी बायकोला दाखवली. आता हात आपोआप चालतात म्हटलं, कधी गुंडाळलं ते कळतही नाही. ती नुसतं "हो का?" म्हणाली.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. मी दारात डबा घेऊन उभा, कानात इअरफोन. मावशींनी डबा उलटा केला, खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आजी उठायला लागल्या वाटतं?"

"म्हणजे?"

"चार दिवस झाले, लाल ठिपका येत नाही तुमच्याकडनं."

मी इअरफोन काढला. चार दिवस. सहाला उठत होतो, गॅलरीत जात होतो, पेपर घेऊन बसत होतो. गुंडाळायला काही नव्हतं म्हणून तोच पेपर वाचून उठत होतो, आणि हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मावशींकडे आमच्या सोसायटीची तीनशेच्या वर घरं आहेत.

आत गेलो. आई खिडकीपाशी खुर्चीत बसून मटार सोलत होती, वॉकर शेजारी. म्हटलं, "आई, तू रात्री बाथरूमला एकटी जायला लागलीस?"

"रविवारपासून," आई म्हणाली. "मटार सोलशील का जरा?"

मी समोर स्टूल ओढून बसलो.