पाइपच टाकायचेत, मग एवढे कागद कशाला?

सोसायटीच्या मीटिंगमध्ये असो की लग्नाच्या पंगतीत, मी फायर फायटिंगवाल्यांच्या डिझाईन ऑफिसात आहे म्हटलं की हे येतंच: "मॅडम, पाइप टाकायला आठ दिवस, मग त्याआधी महिनाभर कागद कसले नाचवता?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकते.

काम मिळालं की साइटवर माल जायच्या आधी कन्सल्टंटकडे, म्हणजे मालकाच्या वतीने मूळ डिझाईन करणाऱ्या आणि आमचं काम तपासणाऱ्या इंजिनिअरकडे, मुख्यतः तीन गोष्टी जातात. कोणता माल लावणार, ते मटेरियल सबमिटल. तो नेमका कुठून नेणार, ते शॉप ड्रॉइंग. काम आणि टेस्टिंग कसं करणार, ते मेथड स्टेटमेंट. कन्सल्टंट तपासतो आणि शिक्का मारतो. बहुतेक ठिकाणी कोड ए म्हणजे पास, बी म्हणजे शेरे सुधारा आणि कामाला लागा, सी म्हणजे दुरुस्त करून पुन्हा पाठवा. एखादं मोठं ड्रॉइंग पहिल्याच फटक्यात ए होऊन आलं की मला आनंद कमी आणि शंका जास्त येते. उघडून बघितलं तरी का कोणी?

मटेरियलचं त्यातल्या त्यात सोपं. टेंडरमध्ये आयएस 1239 चा, म्हणजे स्टील पाइपांच्या भारतीय मानकातला, सी क्लास पाइप लिहिलाय, तर डेटा शीटवरही तोच हवा. सी क्लासला लाल पट्टा असतो, बी क्लासला निळा. लांबून दोन्ही सारखेच, फरक पाइपाच्या पत्र्याच्या जाडीत आणि अर्थातच पैशात. सोबत पाइप बनवणाऱ्या मिलचं टेस्ट सर्टिफिकेट येतं. त्यावरचा हीट नंबर, म्हणजे स्टीलच्या ज्या घाण्यातून पाइप निघाला त्याचा नंबर, गाडीतून उतरलेल्या पाइपाशी जुळला पाहिजे. स्प्रिंकलरचंही तसंच. त्यातला काचेचा बल्ब उष्णतेने फुटला की पाणी सुटतं. नेहमीच्या जागी 68 अंशांना फुटणारा लाल बल्ब चालतो. मुळातच गरम असणाऱ्या जागी, भट्टीजवळ वगैरे, 93 चा हिरवा लावतात. तिथे लाल लावला तर आग नसताना अंघोळ.

खरा वेळ खातं ते शॉप ड्रॉइंग. कन्सल्टंटच्या नकाशावर पाइप म्हणजे एक लाल रेघ. ती तुळईतून जाते, डक्टमधून जाते, कशातूनही जाते, रेघेला काय! आम्हाला सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढावा लागतो. समजा, बेसमेंटच्या मजल्याची उंची 3600 मिलिमीटर आणि तुळई 750 ची. तिच्याखाली उरले 2850. एसीच्या हवेचा डक्ट आणि त्याचा सपोर्ट मिळून 400 गेले, राहिले 2450. आता त्याच जागी खालून 150 चा पाइप न्यायचा म्हटलं तर 150 हे नुसतं नावाचं माप, त्याचा बाहेरचा व्यास साधारण 165, म्हणजे खाली मोकळे उरले 2285. क्लँप अजून धरलेलाच नाही. शिवाय कडेने ड्रेनेजची लाइन. तिला उतार लागतो, ती कोणासाठी हलत नाही. मग एसीवाले, इलेक्ट्रिकलवाले आणि आम्ही एका टेबलावर बसून बारीक बारीक भांडतो. कागदावर पाइप वळवायला दहा मिनिटं लागतात. स्लॅबखाली टांगलेला पाइप वळवायचा तर कटर, वेल्डिंग, पुन्हा टेस्टिंग, आणि बिल कोणाच्या माथी यावर पुढचे दोन महिने.

मेथड स्टेटमेंटबद्दल मात्र तुमची चिडचिड मला पटते. यातली निम्मी मागच्या प्रोजेक्टचं नाव खोडून बनवलेली असतात. पुण्यातल्या एका कामासाठी एका व्हेंडरने पाठवलेल्यात लिहिलं होतं की उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद राहील आणि वाळूचं वादळ आल्यास मचाण रिकामं करावं. दुबईचा कागद, सरळ हिंजवडीला! त्यावर शिक्काही बसला होता.

याला हसता येतं. पण शिक्का आणि तपासणी या दोन गोष्टी वेगळ्या पडल्या की काय होतं, ते अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात 17 जुलै 1981 ला दिसलं. लॉबीवर एकाखाली एक असे दोन पूल सळयांनी टांगलेले होते. मूळ डिझाईनमध्ये छतापासून खालच्या पुलापर्यंत अखंड सळई होती. बनवायला अडचणीचं म्हणून शॉप ड्रॉइंगमध्ये तिचे दोन तुकडे झाले: छतापासून वरच्या पुलापर्यंत एक, आणि वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत दुसरा. दोन माणसं एकाच दोराला वेगवेगळी लटकण्याऐवजी खालच्याने वरच्याचे पाय धरावेत, तसं झालं. वरच्या पुलाखालच्या नटवर दुप्पट भार आला. मूळ जोडसुद्धा नियमात बसत नव्हता, हे नंतरच्या तपासात निघालं. पण बदललेल्या जोडाचं गणित कोणी केलंच नाही आणि ड्रॉइंग इंजिनिअरच्या शिक्क्यानिशी पास झालं. 114 माणसं गेली. जबाबदार इंजिनिअरांची मिसुरी राज्यातली लायसन्सं नंतर रद्द झाली.

म्हणून मी आमच्या पोरांना सांगते, कन्सल्टंटच्या नकाशापेक्षा काहीही वेगळं काढलं असेल, अगदी सपोर्टचं अंतरसुद्धा, तर ड्रॉइंगवर त्याभोवती ढगासारखी रेघ काढा, म्हणजे बदल लगेच दिसेल, आणि बाजूला कारण लिहा. गुपचूप बदल करायचा नाही. तपासणाऱ्याकडे एका दिवसात चाळीस शीट येतात, त्याची नजर पडेल तिथेच पडते.

तुमच्या सोसायटीत फायरची लाइन बदलायची आहेच, तर सगळी फाइल वाचत बसू नका. तीन कागद मागा: शिक्क्याचं शॉप ड्रॉइंग, हीट नंबर जुळणारं टेस्ट सर्टिफिकेट, आणि टेस्टिंग किती दाबाला किती तास करणार ते लिहिलेलं पान. कॉन्ट्रॅक्टर "काम सुरू करू या, नंतर मेल करतो" म्हणाला, तर अॅडव्हान्सचा चेकही नंतरच द्या.