दुसऱ्या गिअरची खरखर

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका निवृत्त सरांनी वडिलांची १९७६ची अ‍ॅम्बेसेडर, मार्क थ्री, घरच्या पोर्चमध्येच नवी करायला घेतली होती. वायरिंग, पत्र्याचं काम बापलेकांनी उरकलेलं. गिअरबॉक्सला मला बोलावलं. तिसऱ्यावरून दुसरा टाकला की कर्रकन आवाज.

"मिस्त्री, सगळे म्हणतात गिअर संपले, भंगारातनं दुसरा बॉक्स आणा."

"सर, आधी उघडून तरी बघू की."

तेल काढलं तर त्यात पितळेची बारीक चमक. तिथंच निम्मं निदान झालं. गिअरचे दात शाबूत होते. दुसऱ्याची पितळी सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी, मात्र गेली होती. या रिंगच्या आत बारीक आटे असतात. ते तेलाचा थर कापतात, म्हणून रिंग गिअरच्या कोनाला धरते आणि दोन्हींचा वेग जुळतो. इथं आटे घासून सपाट झालेले. नवी रिंग कोनावर दाबली की दातांपाशी फट राहते. ही झिजलेली थेट गिअरला जाऊन टेकत होती. सरांच्या हातात देऊन दाखवलं. एका रिंगपायी अख्खा बॉक्स टाकणं मला पटत नाही. भंगारातला बॉक्सही तेवढाच जुना, त्याच्या पोटात काय आहे कुणी बघितलंय?

खरं काम काउंटर शाफ्टचं, म्हणजे बॉक्सच्या तळाशी काउंटर गिअर ज्यावर फिरतो त्या दांड्याचं निघालं. निडल, म्हणजे बेअरिंगचे बारीक रोलर, जिथं फिरतात तिथं खड्डे पडलेले. उद्यमनगरात तसाच शाफ्ट हार्डनिंग-ग्राइंडिंग करून मिळाला. ऑइल इंजिनं घडवणाऱ्या गावात राहण्याचं हे सुख! शिवाय लेथवर एक डमी, म्हणजे जोडणीपुरता खोटा शाफ्ट, काढून घेतली, शाफ्टपेक्षा किंचित बारीक आणि लांबीला काउंटर गिअरएवढीच.

निडल सुट्या असतात, उदबत्तीच्या तुकड्यांसारख्या. ग्रीस लावून एकेक काउंटर गिअरच्या आत चिकटवायची, मध्ये डमी घालायची आणि हा गिअर बॉक्सच्या तळाशी ठेवायचा. त्याच्या वर मेन शाफ्ट बसला की मग काउंटर गिअर उचलून भोकांच्या रेषेत आणायचा. गिअरच्या टोकाचा थ्रस्ट वॉशर सरकला की पुन्हा पहिल्यापासून. सरांच्या मुलानं बॉक्स धरला, मी खरा शाफ्ट हळूहळू आत ढकलत गेलो. डमी पुढून सरकत बाहेर आली आणि एकही निडल पडली नाही. पोरगं ओरडलंच, "बसला ओ!"

पन्हाळ्याच्या चढाला सरांनी तिसऱ्यावरून दुसरा टाकला. लोण्यासारखा पडला. पहिल्याला या बॉक्समध्ये सिंक्रो नसतोच, तो गाडी थांबवूनच टाकायचा, हे मुलाला दोनदा बजावलं. आता स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यांच्या जोडणीची, लिंकेजची, बुशं तेवढी बदलायची राहिलीत.