समितीत बसणाऱ्या स्त्रिया

एका महाविद्यालयात नुकत्याच झालेल्या ‘स्त्री-नेतृत्व आणि पर्यावरणीय शाश्वतता’ या विषयावरील परिषदेत एका सत्राचे अध्यक्षपद माझ्याकडे होते. वाचल्या गेलेल्या शोधनिबंधांपैकी बहुतेकांचा सूर एकच होता: स्त्री मुळातच निसर्गाच्या जवळ असते, जपणूक तिच्या स्वभावातच असते, म्हणून पर्यावरणाचे रक्षण तिच्याच हातून होईल. हा गौरव ऐकायला बरा वाटतो. परंतु एखादे काम स्वभावाच्या खाती जमा केले की त्यासाठी अधिकारही द्यावा लागत नाही आणि मोबदलाही.

चिपको आंदोलनाचा उल्लेख अपेक्षेप्रमाणे अनेकांनी केला. २६ मार्च १९७४ रोजी गौरा देवी आणि उत्तराखंडातील रेणी गावच्या स्त्रियांनी झाडे तोडायला आलेल्या ठेकेदाराच्या माणसांना अडवले, तेव्हा गावातील पुरुषांना नुकसानभरपाईच्या कामासाठी चमोलीला बोलावून घेतलेले होते, ही गोष्ट मात्र कोणाच्याच निबंधात नव्हती. १९८० मध्ये डुंगरी-पैंतोली येथे तर पेच अधिकच उघड झाला. तेथील पुरुषांच्या पंचायतीने रस्ता, शाळा, दवाखाना यांसारख्या सोयींच्या बदल्यात बांजाचे (ओक वृक्षांचे) जंगल तोडायला संमती दिली होती आणि त्याच गावातील स्त्रियांनी त्या संमतीला विरोध केला. सरपण, चारा आणि पाणी ज्यांना रोज आणावे लागत होते त्या स्त्रिया करार करणाऱ्या पंचायतीत नव्हत्या. मला वाटते, सारा झगडा त्या बैठकीपासूनच सुरू होतो.

अधिकार मिळाल्यावर काय होते, याचा चांगला पुरावा संशोधक राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांच्या २००४ मधील अभ्यासात सापडतो. पंचायतींत स्त्रियांना आरक्षण देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर स्त्री-सरपंचांसाठी राखीव झालेल्या ग्रामपंचायतींची त्यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानात इतर पंचायतींशी तुलना केली. पिण्याच्या पाण्यावरील कामे दोन्ही राज्यांतील राखीव पंचायतींत अधिक झाली. रस्त्यांची कामे मात्र बंगालमध्ये वाढली आणि राजस्थानात घटली, कारण त्या-त्या ठिकाणच्या स्त्रियांच्या तक्रारीच तशा होत्या. सर्व स्त्रियांचा कल एकच असतो, हे गृहीतक येथे पार कोसळते. (माझ्या सत्रात हा अभ्यास एकाच विद्यार्थिनीने मांडला, आणि नेमकी तिचीच वेळ घंटा वाजवून संपवावी लागली.)

जंगलांच्या बाबतीत अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. गुजरात आणि नेपाळमधील सामुदायिक वनसमित्यांच्या अभ्यासात त्यांना असे आढळले की कार्यकारिणीत स्त्रियांचे प्रमाण पाव ते एक तृतीयांशाच्या घरात गेले, की त्या बैठकांना येतात, बोलतात आणि पदेही सांभाळतात. एकटीदुकटी स्त्री सहसा सहीपुरती उरते. नेपाळमधील केवळ स्त्रियांच्या समित्यांच्या वाट्याला तुलनेने लहान आणि अधिक उजाड वनक्षेत्रे आली होती, तरीही तेथील जंगलाची वाढ सरस ठरली. त्यामागे राखणदारीच्या पाळ्या आहेत, चोरटी तोड कोण करते याची माहिती आहे आणि स्त्रियांचे आपापसांतले सहकार्य आहे. ही सगळी संघटनेची कौशल्ये आहेत, आणि ममतेच्या भाषेत ती नेमकी झाकली जातात.

शेवटच्या चर्चेत दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, की महाविद्यालयाच्या हरित समितीत बहुसंख्य मुली आहेत, ओला-सुका कचरा वेगळा करण्यापासून रोपांना पाणी घालण्यापर्यंतची कामे त्याच करतात. मग इमारत समितीत आणि खरेदी समितीत किती स्त्रिया आहेत? व्यासपीठावरील मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. विजेचा वापर, पाण्याची टाकी कोठे बसवायची, आवारातील कोणते झाड नव्या इमारतीसाठी जाणार, हे सारे या दोन समित्यांत ठरते आणि हरित समितीला ते नंतर कळते.

परिषदेच्या ठरावांच्या मसुद्यात ‘जनजागृती’ हा शब्द तीनदा होता. त्यांपैकी एक ठराव वगळून, या दोन्ही समित्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात आणि हरित समितीचा प्रतिनिधी त्यांच्या बैठकांना मतदानाच्या अधिकारासह बसावा, अशी दुरुस्ती मी सुचवली. ‘मतदानाच्या अधिकारासह’ या शब्दांवर सर्वाधिक वेळ वाद झाला. अखेरीस ते शब्द कंसात टाकून मसुदा व्यवस्थापनाकडे पाठवण्यात आला आहे.