टॉर्चमध्ये अडकलेला सेल

कळसूबाईच्या नाइट ट्रेकला चार दिवस उरले होते आणि माझ्या छोट्या टॉर्चमध्ये नवा सेल पाऊण आत जाऊन रुतून बसला. जुन्यावर १८६५० लिहिलेलं, नव्यावरही तेच. १८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी, शेवटचं शून्य गोल नळकांड्याचं. मग न बसायला काय झालं, म्हणून मी जोर लावला होता. तो लावायला नको होता.

शेजारच्या काकांची सगळी नोकरी लेथवर झाली. त्यांनी आधी दम भरला, "ठोकू नकोस, तापवू तर मुळीच नकोस. लिथियम आहे ते." टॉर्चचं डोकं आणि मागची टोपी आट्यांवरून उतरवली, तशी नळी आरपार मोकळी झाली. पुढच्या बाजूने लाकडी दांडा टेकवून काकांनी सेल अंगठ्याने दाबत दाबत मागे सरकवला. बाहेर आला तेव्हा प्लसच्या कडेला वेष्टन फाटलेलं होतं. या सेलचा अख्खा पत्र्याचा डबा मायनस असतो, अगदी प्लसच्या शेजारची कडसुद्धा. तिथे नळीचा धातू टेकला तर शॉर्ट. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो सेल ई-कचऱ्यात दिला.

पण त्याआधी काकांनी त्याला व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं मोजायची पट्टी, लावला. व्यास १८.५ मिमी. नळी आतून १८.६. मला काही कळेना. त्यांनी सेल चिमटीत धरून पाव फेरा फिरवला : १८.८! वेष्टनाखालून एक बारीक उभा उंचवटा जात होता, बोटालाही लागत होता. हा प्रोटेक्टेड सेल, म्हणजे फार उतरला किंवा शॉर्ट झाला की आपणहून वीज तोडणारा. मायनसच्या बुडाशी सर्किटची चकती, आणि तिला प्लसशी जोडणारी धातूची पट्टी अंगावरून गेलेली. त्यामुळे लांबीही ६९ भरली.

नळी आतून बोअर करून, म्हणजे कोरून रुंद करून द्या म्हटलं, तर काकांनी साफ नकार दिला. भिंत पातळ, त्यात तिच्यावर आटे.

प्रोटेक्शन नसलेला ६५ मिमीचा सेल घालून पाहिला. बसला, पण टॉर्च तळहातावर आपटली की उजेड लुकलुके, कारण स्प्रिंग पुरेशी दबत नव्हती. शिवाय माझी टॉर्च सेल उतरल्यावर आपणहून बंद होत नाही, त्यामुळे प्रोटेक्शन हवंच.

शेवटी व्हर्निअर घेऊनच दुकानात गेलो. प्रत्येक सेल फिरवून मोजला. चौथा कुठूनही १८.५च्या वर गेला नाही, लांबी ६८. नळीत सोडला तर स्वतःच्या वजनाने खाली उतरला. टोपी शेवटच्या आट्यापर्यंत फिरली आणि पाणी अडवणारी रबरी ओ-रिंग पूर्ण आत गेली. पावसाळी ट्रेकसाठी मला तेच पाहायचं होतं.