कवळी, एक संच

ग्वाल्हेरात हाडांच्या वॉर्डाचा सीझन म्हणजे जानेवारी. धुकं उतरलं, न्हाणीघरातली फरशी ओली राहू लागली, की आठवडाभरात खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांनी आमच्या खाटा भरतात. या आजी तशाच आल्या. वय ७९, लष्कर भागातला जुना वाडा, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. खुब्याचा गोळा बदलायचं ठरलं.

ऑपरेशनाआधी आजी दोन दिवस जवळजवळ उपाशी होत्या. हे कुठल्याच कागदावर नाही म्हणून इथे लिहिते. खरं तर जेवण सहा तास आधी बंद केलं तरी चालतं, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. पण लिस्टमध्ये नंबर कधी लागेल हे सिस्टरलाही ठाऊक नसतं, म्हणून ती सरसकट सांगते, 'रात्री बारानंतर काही नाही.' पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला केस पुढे ढकलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि फाइलवर तीन शब्द आले, 'हाय प्रोटीन डाएट'. सर्जन मंडळींना वाटतं, लिहिलं की पोटात गेलं. पुढचं डाएटिशियन बघेल, म्हणजे मी.

खुब्याचा पेशंट काट्यावर उभा राहत नाही. मी दंडाचा घेर टेपने मोजला, मुलाला विचारलं, ४६ किलो धरलं. धडधाकट माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, अशा ऑपरेशननंतर आम्ही १.२ ते १.५ धरतो. म्हणजे दिवसाला साधारण ५५ ते ७०. आजी शाकाहारी, अंडंही नाही. आणि आमच्या ठेकेदाराचं वरण असं, की वाटीचा तळ दिसतो. त्या वाटीतून दोन ग्रॅम मिळाले तरी नशीब. मग मीच किचनमध्ये उभी राहून ट्रे बांधला. १०० ग्रॅम पनीर म्हणजे अठराएक ग्रॅम, उकडलेले चणे, सोयाबीनच्या वड्यांची भाजी, दोन वेळा दही, दूध, चार वाजता भाजलेले शेंगदाणे. चार्टवर ६४ ग्रॅमची बेरीज झाली. बघून मलाच बरं वाटलं होतं.

दुसरी लढाई घरच्यांशी. सूनबाईंची यादी पाठ होती. भात नको, टाके पिकतील. दही नको, पू धरेल. बेसन वातूळ. पेरूने खोकला होईल. टाके जंतूंनी पिकतात, भाताने नाही, हे मी वर्षातून किती वेळा सांगते ते मोजायचं सोडून दिलंय. उलट जखम भरायला प्रोटीन लागतं, क जीवनसत्त्व लागतं, आणि ते त्याच पेरूत आहे. भेटायला येणारे मात्र नारळपाणी आणतात. त्यात प्रोटीन नावालासुद्धा नाही, पण हातात शहाळं घेऊन आलं की आल्यासारखं वाटतं.

ट्रे परत जाताना वॉर्डबॉय शीटवर खूण करतो. पाव, अर्धं, पूर्ण. आजींच्या रकान्यात रोज 'पूर्ण'.

सहाव्या दिवशी जखमेच्या खालच्या टोकाला पाणी दिसलं. राउंडला ज्युनियर डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, 'अल्ब्युमिन फक्त २.६ आलंय. मॅडम, खायला देताय ना?' मीही सगळ्यांसमोरच उत्तर दिलं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन, त्याचं अर्धं आयुष्य वीसेक दिवसांचं, म्हणजे निम्मं घटायला तेवढे दिवस लागतात, ऑपरेशनच्या दाहाने ते तसंही उतरतं, त्यावरून कालचं जेवण मोजता येत नाही. सर मान डोलावत पुढच्या खाटेकडे गेले. मी बोलले ते अगदी बरोबर होतं. दिवसभर मी त्याच तोऱ्यात होते.

तो संक्रांतीचा दिवस. दुपारी मी खाटांवरून तिळगूळ वाटला, मुलाने मुरैन्याची गजक, म्हणजे तिळाची कुरकुरीत वडी, आणली होती. आजींनी दोन्ही हातात घेतलं, 'गोड बोला' म्हणाल्या, तेही तोंडावर पदर धरून. त्या नेहमीच तसं बोलायच्या. मला वाटलं, जुन्या वळणाच्या आहेत, शिवाय थंडी.

दोन दिवसांनी चादर बदलताना आयाबाईने मला हाक मारली. उशीच्या अभ्र्यात रुमालाची पुरचुंडी होती. आत चणे, शेंगदाणे, तीळ लागलेला गजकेचा तुकडा, आणि पनीरचे चौकोन. त्यातले काही चोखून कडा गोल झालेले, बाकीचे तसेच. आयाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "मैडम, अम्मा के दाँत कहाँ हैं?"

आजींनी पदर आणखी वर घेतला.

कवळी घरी होती. ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याआधी काढून सुनेच्या हातात दिली होती, तिने ती बांगड्या आणि कानातल्या फुलांबरोबर पुडीत बांधून कपाटात ठेवली. सुनेला वाटलं, डॉक्टर सांगतील तेव्हा लावायची. सिस्टरला वाटलं, घरच्यांनी लावली असेल. आजी मुलासमोरही कधी दातांशिवाय बसल्या नव्हत्या, त्या कुणाला सांगणार? ट्रे परत गेला की मी रागावते, म्हणून निम्मं सून खायची आणि निम्मं उशीत जायचं. आठ दिवस त्यांच्या पोटात गेलं ते वरणाचं पाणी, दूध, दही, चहात बुडवलेलं बिस्किट. घरी जाऊन हिशेब केला, वीस ग्रॅमच्या वर जाईना.

फाइल मी पुन्हा उघडली. ऑपरेशनपूर्वीच्या चेकलिस्टवर लिहिलेलं होतं, 'बांगड्या ४, कानातली फुलं २, कवळी १ संच. काढले.' खाली सुनेची सही. मी ती फाइल रोज उघडत होते. 'परत दिले' असा रकाना त्या छापील कागदावर नाहीच.

कवळी आणली तर ती बसेना. पाण्याशिवाय कोरडी पडून राहिली होती, टोचायला लागली. म्हणून आजींना विचारलं, काय खाल? हाही प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होते. "पिठलं," त्या म्हणाल्या. "पातळ. आणि मऊ भात." सून माझ्याकडे बघत राहिली, बेसन आणि भात दोन्ही तिच्या यादीतले. बाहेरचं जेवण वॉर्डात आणायला बंदी आहे, तरी मी डबा येऊ दिला. वाटीभर पिठल्याला चाळीसेक ग्रॅम बेसन म्हणजे आठ-नऊ ग्रॅम. शिवाय दह्यात शेंगदाण्याचं बारीक कूट, दुधात दुधाची पावडर, कुस्करलेलं पनीर, ताकात सातू. पन्नासपर्यंत पोचलो. पहिली वाटी आजींनी भिंतीकडे तोंड करून संपवली.

पुढे जखम सुकली. पिठल्याने की अँटिबायोटिकने, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. नवा रकाना छापायचं मागितलं तर उत्तर आलं, फॉर्मॅट वरून येतो. मी समासात पेनाने 'दात?' लिहिते.

तीन आठवड्यांनी आजी वॉकर धरून दाखवायला आल्या. पदर तोंडावरच होता. "नवी कवळी करू, आधी वॉकर सुटू दे," मुलगा म्हणाला. मी त्यांना धरून पहिल्यांदा काट्यावर उभं केलं. ४१. पाच किलो आमच्याकडे गेले, की माझे ४६ मुळातच चुकीचे होते, हे आता कशावरूनच कळणार नाही.